कडेवरचं लेकरू आणि गल्लीतला कला महोत्सव

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं, की कार्यक्रमाला लोकं लहान पोरं घेऊन येतात, ती रडतात, पळतात, गाणाऱ्याचं लक्ष उडतं, तर आयांनी पोरं जाणती होईपर्यंत घरीच थांबावं. ते वाचून दोन दिवस काही बोलले नाही, पण डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसले. पोरगी आत्ता झोपलीय, ती उठेपर्यंत होईल तेवढं लिहिते, बाकीचं रात्री.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाचा डिप्लोमा केलाय, लग्नाआधी शाळेत चित्रकला शिकवायचे, आता घरातनंच कामं घेते. गणपतीच्या आधी दोन महिने मूर्तींच्या डोळ्यांची आखणी असते आणि बाकी वर्षभर रुखवत, भिंतीवरची चित्रं, दुकानाचे बोर्ड, जे येईल ते. पोरगी सव्वादोन वर्षांची. आमच्या गल्लीनं गेल्या डिसेंबरात तीन दिवसांचा कला महोत्सव केला, त्यात मी पहिल्या मिटिंगपासून शेवटची सतरंजी झाडून घडी घालेपर्यंत होते आणि पोरगी सगळा वेळ माझ्याबरोबर होती, तेव्हा ती पावणेदोन वर्षांची. म्हणून वाटलं की त्या पत्राला उत्तर आपण द्यायला पाहिजे.

आधी महोत्सव कसा सुरू झाला ते सांगते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं, आधी पॅलेस थिएटर म्हणायचे त्याला, आणि दुसऱ्या दिवशी नेमकी केशवरावांची जयंती. आमच्या गच्चीवरनं जाळ दिसत होता, पोरगी सहा महिन्यांची होती, तिला पदराखाली घेऊन मी कठड्याला उभी होते आणि खाली शेजारचे मामा, ज्यांनी त्या थिएटरात कितीतरी वर्षं पडदे ओढले, ते रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरागत रडत होते. त्यानंतर गल्लीत बोलणं निघायला लागलं, की थिएटर उभं राहील तेव्हा राहील, तोवर आपण दारात काहीतरी करूया की. आपल्या गावाला कलापूर म्हणतात, आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर ही नावं भाषणात हमखास येतात, १९२० चा सैरंध्री हा मूकपट आमच्या गावात झाला हे पोरांना पाठ असतं, पण समोर बसून चित्र काढणारा माणूस कितीजणांनी बघितलेला असतो? तर ठरलं असं की स्टेज, पाहुणे, सत्कार काही नको, गल्लीतल्या सात घरांनी आपला सोपा, म्हणजे पुढची खोली, उघडा करायचा, तिथं चित्रं लावायची, आणि रस्त्यावर माणसं बसून काम करतील. कुंभाराचं चाक, चप्पल करणारं कुटुंब, जलरंगात निसर्गचित्र, एकजण व्यक्तिचित्र काढणार, एक रांगोळी, पोरांसाठी शाडूची माती. वर्गणी ५१ पासून पुढं, ज्याला जे जमेल ते. सगळा मिळून २९ हजार खर्च आला, त्यात मांडव आणि साउंडचाच निम्मा.

आता मिटिंगचं. मिटिंग रात्री साडेनऊला, तालमीच्या कट्ट्यावर. का, तर दुकानं बंद करून माणसं तेव्हाच मोकळी होतात, त्यांचंही बरोबर आहे. पण साडेनऊला माझ्या घरात पोरगीला झोपवायची वेळ, मिस्टर शिरोली एमआयडीसीत, आठवड्याआड सेकंड शिफ्टला, सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या तिला उचलून घेऊ शकत नाहीत. पहिल्या मिटिंगला मी तिला कडेवर घेऊन गेले, ती पेंगुळलेली, किरकिर करत होती, सगळे चांगले वागले, एकानं खुर्ची दिली, एकजण म्हणाला, "वैनी, तुम्ही कशाला त्रास घेताय, आम्ही करतो की, तुम्ही फक्त उद्घाटनाला रांगोळी काढायला या." अगदी मनापासून म्हणाला तो, माया होती त्यात, म्हणून मला राग नाही आला, पण घरी येताना रडू आलं. कारण चित्रं कुठली घ्यायची, कुठं लावायची, उजेड कुठनं येतो, हे त्या कट्ट्यावर माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं, आणि मी उठून आले म्हणजे ते सगळं माझ्याशिवाय ठरणार.

दुसऱ्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं की एक मिटिंग सकाळी अकराला घ्या, आमच्या सोप्यात, मी चहा करते. कुणी काही बोललं नाही तासभर. मग चप्पलवाल्या काकींचा व्हॉइस मेसेज आला, मी येते म्हणून. मग अजून दोघी. त्या सकाळी नऊ बाया आल्या, त्यातल्या पाचजणींच्या मांडीवर पोरं, आणि तालमीतले दोघेजण. दीड तासात सातही घरांचा नकाशा काढून झाला, कुठल्या घरात काय, माणसं कुठनं आत येणार कुठनं बाहेर जाणार सगळं. पैसे, परवानगी, मांडव हे रात्रीच्या मिटिंगकडं राहिलं आणि चित्रं, माती, पोरं हे सकाळच्या. पुढं पुढं तर रात्रीचे लोकच विचारायला लागले की सकाळी काय ठरलं.

आणि इथंच मला त्या पत्रातल्या काकांना एक गोष्ट सांगायचीय. आपल्या गावातली कला पोरांना घरी ठेवून झालेलीच नाही हो. कुंभारांच्या घरात जाऊन बघा जूनमध्ये. एका बाजूला मूर्ती वाळतायत, बाई मांडी घालून किरीट रंगवतेय, पाठीवर पोर लोंबकळतंय, दुसरं मातीचे गोळे करतंय. मी स्वतः मागच्या वर्षी डोळे आखताना पोरगी माझ्या मांडीला टेकून झोपलेली असायची, आणि डोळ्याची रेघ श्वास धरून मारायची असते, तर मी तिचा श्वास ऐकायचे आणि आपला धरायचे. कोल्हापुरी चप्पल बघा, तळ पुरुष करतात, पण वरची वेणी, गोंडे, ती नाजूक विण बहुतेक घरात बायाच करतात, पोरांना पाजत, भात शिजवत. जी वस्तू लेकराबाळांच्या गोंगाटात तयार झाली ती आपण मांडवात आणून टेबलावर ठेवतो, वर लाइट सोडतो आणि मग म्हणतो की आता इथं लेकरू नको. असं कसं चालेल?

पण सगळं छान झालं असं मी सांगणार नाही. दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही मला अजून आठवतात.

पहिल्या दिवशी दुपारी एका सोप्यात ऑइल पेंटिंगचं प्रात्यक्षिक होतं. चित्रकार बाहेरगावचे, चांगला माणूस, हात भारी. त्यांनी ब्रश धुवायचं टर्पेंटाइन पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून आणलेलं, आणि बाटली खाली जमिनीवर, पायाशी. मी दोन फुटांवर होते, चित्राच्या मागची दोरी बांधत होते, मान वळवली तर पोरगीच्या हातात बाटली आणि ती झाकण चावतेय. तिला बाटली म्हणजे पाणी एवढंच माहिती. झाकण घट्ट होतं म्हणून वाचलो. मी बाटली ओढून घेतली आणि मग मला कापरं सुटलं, पंधरा मिनिटं बसूनच होते. संध्याकाळी आमच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, असलं काही पोटात गेलं तर उलटी अजिबात करवायची नाही, वर येताना ते फुफ्फुसात उतरतं आणि तिथंच जास्त धोका, तसंच उचलून सरळ दवाखान्यात आणायचं. मला हे माहिती नव्हतं. मी रंगात वाढलेली, पाच वर्षं टर्पेंटाइन वापरलेली बाई, मला माहिती नव्हतं, आणि मला वाटतं बऱ्याच घरात आधी बोटं घालून उलटीच करवली असती. म्हणून हे मुद्दाम लिहितेय, कुणाच्या तरी उपयोगाला येईल. दुसऱ्या दिवशीपासून आम्ही नियम केला की टर्पेंटाइन, थिनर, फिक्सेटिव्ह काचेच्या बरणीत, वर लाल पट्टी आणि नाव, आणि बरणी कोनाड्यात, माणसाच्या खांद्याच्या वर. पाण्याच्या बाटलीत रंगाचं काहीच नाही. ते चित्रकार स्वतः दुकानात जाऊन बरण्या घेऊन आले आणि त्यांनी मला हात जोडले, मला कसंतरीच झालं.

दुसरी गोष्ट रांगोळीची. गल्लीच्या तोंडाला एका पोरानं, असेल एकवीस-बावीसचा, बारा फुटांची रांगोळी काढायला घेतलेली, रंकाळ्याची संध्याकाळ, पाण्यात संध्यामठ, मागं आभाळ. सकाळी सहाला बसलेला तो, दुपारी बारापर्यंत पाठ सरळ केली नव्हती. मी मागच्या घरात चित्र टांगत होते आणि पोरगी आज्जीचा हात सोडून पळाली, ती सरळ पाण्यातनं चालत गेली, चार पावलं, आणि संध्यामठाच्या मध्यावर बसली. सगळी गल्ली गप्प. तो पोरगा तिच्याकडं बघत राहिला, ओरडला नाही, म्हणाला, "राहू दे वैनी, होतंय." पण त्याचे डोळे भरलेले मी बघितले. मी काय बोलणार, माफी मागितली, मग त्याच्या शेजारी बसले आणि त्यानं जसं सांगितलं तसं दोन तास रांगोळी भरली, त्याच्या हाताच्या चिमटीचा अंदाज घेत घेत. शेवटी मठ पुन्हा उभा राहिला, पण आधीचा जास्त चांगला होता, हे आम्हा दोघांनाही माहिती होतं.

म्हणून पत्र लिहिणाऱ्या काकांचं दुःख मला कळत नाही असं समजू नका. कलाकाराचे सहा तास म्हणजे सहा तास असतात, लेकरू गोड आहे म्हणून ते परत येत नाहीत. बंद हॉलमध्ये गाणं चाललेलं असताना पोर रडायला लागलं तर आईनं उठून बाहेर जावं हे मी पण मानते, मी जाते. पण त्या दिवशी चूक नेमकी कुठं झाली ते बघा. रांगोळीभोवती दोरी नव्हती. चार खुर्च्या आणि एक सुतळी, एवढंच लागत होतं, आणि ते संध्याकाळी केलं तर नंतर दोन दिवसांत शेकडो पोरं तिथं येऊन गेली, एका दाण्याला धक्का लागला नाही. लेकरू येणारच आहे असं धरून मांडणी केली तर कलाकाराचंच काम वाचतं. आम्ही ते धरलंच नव्हतं, मी आई असून धरलं नव्हतं.

मग हळूहळू एकेक सुचत गेलं. चित्रं आपण मोठ्या माणसाच्या डोळ्याच्या रेषेत लावतो, पाच फुटांच्या आसपास. पावणेदोन वर्षांचं पोर पावणेतीन फुटांचं असतं, त्याला फक्त माणसांचे पाय आणि टेबलाची खालची बाजू दिसते, मग ते कंटाळून पळणार नाहीतर काय करणार. तर आमच्या सोप्यात मी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली दोन फुटांवर एक सुतळी बांधली, कपड्याच्या चिमट्यांनी गल्लीतल्या पोरांची चित्रं लावली, मांजर, ट्रॅक्टर, गणपती, अंबाबाईचं देऊळ. बारकी पोरं तिथं येऊन उभी राहिली की उभीच, बोट लावून दाखवायची, "म्याँव", आणि तेवढ्या वेळात आई वरची चित्रं बघून घ्यायची. एक बाई मला म्हणाली की पोरगं झाल्यापासून आज पहिल्यांदा मी एक चित्र पूर्ण बघितलं. ती कोण, कुठनं आलेली, मी विचारलंच नाही, घाईत होते.

रंगाचं टेबल पण खाली घेतलं, म्हणजे पाटच मांडले. हळद, बिटाचा रस, पालकाचा रस आणि थोडं बेसन घट्टपणाला. पोरं हात तोंडात घालतातच, तर तोंडात गेलं तरी चालेल असाच रंग पाहिजे. (हळदीचे डाग निघत नाहीत हे खरंय, जुने कपडे घालून आणा असा बोर्ड लावला.) या सगळ्या कोपऱ्याला, सुतळी, चिमटे, भाजी धरून, ६५० रुपये लागले. २९ हजारातले ६५०.

साउंडवाल्याचं पण सांगते. तो दुपारी दोनला टेस्टिंग करायचा, हॅलो हॅलो चेक, आणि त्याच वेळी गल्लीतली झाडून सगळी पोरं झोपलेली असतात. झोप मोडली की संध्याकाळी ते पोर आईला कुठंच उभं राहू देत नाही. मी त्याला जाऊन सांगितलं, वाटलं होतं ऐकणार नाही, तर तो म्हणाला, "ताई, माझ्या घरी पण एक आहे, आधी सांगायचं की." टेस्टिंग साडेबाराला घेतलं. एक ते तीन गल्ली बंद ठेवली, तसंही त्या उन्हात कोण येतं, कलाकारांनी पण पाठ टेकली. रात्री दहाला स्पीकर बंद करावाच लागतो नियमानं, आम्ही साडेआठलाच बंद करायचो.

आणि पाजायची जागा. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, सगळ्यांना माहितीय, उघडा आहे की कुलूप आहे ते वेगळं. हिरकणीची गोष्ट आपण पोरांना मोठ्या अभिमानानं सांगतो, रायगडाचे दरवाजे सांजेला बंद झाले आणि ती तान्ह्यासाठी कडा उतरून गेली. मला ती गोष्ट लहानपणी लय आवडायची. आता आई झाल्यावर ती ऐकली की मला कडा दिसत नाही, तो बंद दरवाजा दिसतो. आमच्या इथं चप्पलवाल्या काकींनी आपल्या सोप्याच्या कोपऱ्यात दोन साड्या दोरीवर टाकल्या, आत एक चटई, पाण्याचा तांब्या, झालं. तीन दिवसांत किती बाया आत बसून गेल्या मोजलं नाही, पण काकी रात्री म्हणाल्या की चटई रिकामी नव्हती. शेजारच्या घरानं मोरी उघडी ठेवली पोरांच्या शी-शूसाठी, त्या घरच्या आजींनी स्वतः उभं राहून.

कुणी म्हणेल पोरांना कुठंतरी ठेवून या. कुठं ठेवायचं? अंगणवाडीत बसवतात ती तीन वर्षांची झाल्यावर. पाळणाघराचा नियम कायद्यात २०१७ पासून आहे, ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर पाहिजे, पण तो नोकरीसाठी. गल्लीच्या कामाला, मंडळाला, नाटकाच्या तालमीला, चित्रांच्या प्रदर्शनाला फुकट राबणाऱ्या बाईला कुठला कायदा लागतो? ती तीन वर्षं घरात बसली की पुढं तिला कुणी बोलवत नाही, मग तीच म्हणायला लागते की माझा हात बसला आता. माझ्याबरोबर एटीडीला सोळा मुली होत्या, त्यातल्या ब्रश हातात असलेल्या किती, हे मोजायला मला एका हाताची बोटं पुरतात. आणि त्यातल्या एकीची पण कला संपलेली नव्हती, त्यांना कुणी अकराच्या मिटिंगला बोलावलं नाही एवढंच.

मंडळांना, तालमींना, कलासंस्थांना माझी विनंती आहे की या वर्षी एक तरी मिटिंग सकाळी घ्या आणि तिथं जे ठरेल ते खरं धरा. महापालिकेनं परवानगीच्या अर्जात मांडव, साउंड, पार्किंग विचारतात तसं पाजायची जागा कुठं आहे हे पण एका ओळीत विचारावं. आणि आमचं केशवराव पुन्हा उभं राहतंय, तर त्यात मागच्या बाजूला काचेची एक छोटी खोली करता येईल का? आत स्पीकर सोडायचा, चार खुर्च्या टाकायच्या, रडणारं पोर घेऊन आई तिथं बसेल, तिला स्टेज दिसेल, आवाज ऐकू येईल, आणि बाहेर कुणालाही तिचा आवाज येणार नाही. पडदे ओढणाऱ्या मामांना मी हे बोलले, तर ते म्हणाले, आमच्या वेळी बाया पोरं घेऊन मागं विंगेत येऊन बसायच्या, आम्हीच जागा करून द्यायचो. नवीन नाहीच म्हणाले हे.

यंदाची पहिली मिटिंग शनिवारी सकाळी अकराला आमच्याच सोप्यात आहे. रांगोळीचा पोरगा येणार आहे, यंदा त्यानं १५ फुटांची ठरवलीय, दोरी आधीच आणून ठेवलीय. पत्र लिहिणारे काका मंगळवार पेठेच्या आसपासचे असतील तर त्यांनी पण यावं, गाण्याचं त्यांना कळतंय असं पत्रावरनं दिसतं, आणि आम्हाला यंदा एक संध्याकाळ गाण्याची ठेवायचीय, ती कुठं, कशी, किती वाजता ठेवायची म्हणजे गाणाऱ्याला पण त्रास नको आणि लेकरं पण घरात कोंडायला नकोत, हे त्यांच्यासारख्या माणसानं सांगितलं तर बरं होईल. चहा आहे. पोरगी उठली, थांबते.

आपली नम्र,
एक वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर